सैन्यात जाऊन किराणाच मोजायचा का?

पत्र: आदरणीय मॅडम, मी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात राहते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट यंदा होईल. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना ते एकदा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत जाऊन आले. तिथे पाणी, डिझेल, पीठ कुठून आणि कसं यायचं याच्या त्यांच्या गोष्टी ऐकून मला पुरवठ्याच्याच कामात जावंसं वाटतंय. पण काका म्हणतात, 'सैन्यात जाऊन किराणाच मोजायचा, तर गावातलं दुकान काय वाईट?' बाबा यावर काहीच बोलत नाहीत. हे काम खरंच दुय्यम आहे का? बी.कॉम.वर मला जाता येईल का? आणि परदेशातल्या मोहिमेवर जायला मिळेल का?

उत्तर:

काकांचा प्रश्न आधी घेते. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं भरतीच्या जाहिरातीत सापडतात, याचं सापडत नाही. ते तुझ्या बाबांच्या रेजिमेंटच्या इतिहासात आहे.

१९१५ साली, पहिल्या महायुद्धात, हिंदुस्थानातून गेलेली सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे सरकत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या फौजेचा दाणागोटा, दारूगोळा, औषधं, वैरण असं सगळं बसऱ्याच्या बंदरात उतरायचं आणि तिथून नदीने वर जायचं. बंदरात मोठ्या जहाजांसाठी धड धक्के नव्हते. माल उतरण्याची वाट बघत जहाजं आठवडेच्या आठवडे उभी राहायची. उथळ नदीत चालतील अशा बोटी मोजक्याच होत्या. फौज जसजशी पुढे गेली तसतशी नदीची वाट लांबली आणि प्रत्येक बोटीच्या फेऱ्या कमी झाल्या. बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईनंतर फौजेला माघार घ्यावी लागली. डिसेंबरच्या सुरुवातीला ती कुत-अल-अमारा या गावात शिरली आणि ७ डिसेंबरला तुर्की सैन्याचा वेढा पडला.

आता मोजणीकडे बघ. या फौजेचे प्रमुख जनरल टाउनशेंड यांनी वेढ्यातून कळवलं, की अन्न जेमतेम एक-दोन महिने पुरेल. त्यामुळे खालून मदतीला निघालेल्या फौजेला तयारीला वेळच राहिला नाही. पुरेशा तोफा, बोटी, दवाखाने जमायच्या आतच जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी आणि हन्ना अशा तीन लढाया लागोपाठ झाल्या. एकट्या हन्नात मृत आणि जखमी मिळून सुमारे २,७०० जणांची हानी झाली, आणि कुत सुटलं नाहीच. त्यानंतर जानेवारीच्या अखेरीस कुतमधल्या घरांची झडती घेतली, तेव्हा धान्याचे साठे निघाले आणि मग गाव एप्रिलच्या अखेरपर्यंत तगलं. ही झडती डिसेंबरातच झाली असती, तर मदतीच्या फौजेला जमवाजमव करायला काही आठवडे मिळाले असते. कुत सुटलंच असतं असं मी म्हणणार नाही, पण घाईत गेलेले बरेच जीव वाचले असते असं मला वाटतं. तिथे किराणा मोजायचाच राहून गेला होता.

कुतमधली दुसरी गोष्ट शिध्याची. धान्य आटत आलं तसे घोडे मारून मांस वाटायला सुरुवात झाली. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी धर्माच्या कारणाने ते खायला बराच काळ नकार दिला. ते चालेल असे निरोप हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून मागवावे लागले. तोवर भाजीपाला नाही, मांस नाही, अशा अवस्थेत त्यांच्यात स्कर्व्ही, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, पसरली. विमानांतून धान्याची पोती टाकून बघितली, पण ती पुरण्यासारखी नव्हती. २४ एप्रिलला 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन रात्री नदीतून निघाली आणि वाटेत पकडली गेली. २९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं. सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली आणि त्यातली कितीतरी परत आली नाहीत. कोणता माणूस काय खातो, काय खाणार नाही, त्याला किती दिवस काय कमी पडलं तर काय होतं, हे आधी ठाऊक असणं हा पुरवठ्याच्या अधिकाऱ्याच्या कामाचा पहिला धडा आहे.

हे काकांना जरूर वाचून दाखव. आणि बाबा गप्प आहेत म्हणजे ते काकांच्या बाजूचे आहेत, असं धरून चालू नकोस. पायदळातल्या माणसाला पाण्याचा टँकर वेळेवर न येणं म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असतं. त्यांना सरळ विचार, 'आपल्या कंपनीला पाणी कुठून यायचं आणि एखाद्या दिवशी आलं नाही तर काय करायचात?' मोकळेपणी बोलतील.

तुला हे काम झेपेल का हे तपासायला एक गणित देते. वही घे. परमुलखात ८५० जणांची पलटण आहे. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज १० लिटर धर. म्हणजे रोज ८,५०० लिटर. टँकर १० हजार लिटरचा आहे. पाण्याची जागा ३०० किलोमीटरवर, रस्ता वाईट, म्हणून जायला तीन दिवस, यायला तीन आणि भरणं-दुरुस्तीला एक. आठवड्याची गरज ५९,५०० लिटर. सहा टँकर अखंड फिरत राहिले तर ६० हजार लिटर येतं. कागदावर जमलं! आता दोन टँकर बंद पाड. उरलेल्या चारांतून माणशी रोज पावणेसात लिटरसुद्धा येत नाही. शिवाय टँकरला लिटरमागे तीन किलोमीटर मिळत असतील, तर एका फेरीला २०० लिटर डिझेल लागतं, आणि ते डिझेलही कोणीतरी तिथवर आणलेलं असतं. ड्रायव्हर आणि त्यांच्यासोबतचे पहारेकरीही पाणी पितात, तेही मोजायचं. पाऊस लागून रस्ता बंद झाला तर? पुढच्या ठाण्यावर किती दिवसांचा साठा हवा? तो ठेवायला टाक्या आहेत का? हे प्रश्न सोडवताना तुला कंटाळा आला तर ही वाट तुझी नाही. आणि वही बाजूला ठेवून पुढचा प्रश्न सुचला, तर बिनधास्त पुढे वाच.

कारण हे प्रश्न पुस्तकी नाहीत. दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय तुकड्या अनेक वर्षं आहेत. तिथल्या मोठ्या भागात आपल्याकडच्यासारखीच काळी, चिकट जमीन आहे. पावसाळ्यात कच्चे रस्ते गाड्या गिळतात, काही महिने वाहतूक ठप्प होते. त्यामुळे कोरड्या दिवसांत साठा पुढे नेऊन ठेवायचा, जमेल तिथे पांढऱ्या नाईल नदीतून तराफ्यांनी मलाकलसारख्या ठिकाणी माल न्यायचा आणि उरलेलं हेलिकॉप्टरने, असं वर्षाचं वेळापत्रकच बसवावं लागतं. लडाखमध्ये हिवाळ्याआधी आपलं लष्कर जी साठवण करतं तिचा हिशोबही याच जातीचा, फक्त तिथे पावसाऐवजी बर्फ.

धोक्याबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण आईच्या मनात तो प्रश्न असणार. रसद म्हणजे मागच्या सुरक्षित गोदामात बसणं, हा समज काढून टाका. ९ एप्रिल २०१३ ला याच दक्षिण सुदानमध्ये, जोंगलेई प्रांतात, संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्याला संरक्षण देत असताना घात लावून झालेल्या हल्ल्यात आपले पाच सैनिक मारले गेले. रस्त्यावरचा ताफा हा शत्रूसाठी सगळ्यात सोपा नेम असतो. हे कळल्यावरही तुला जायचंय का, याचा निर्णय आईसमोर बसून घे.

बी.कॉम. इथे कुठे उपयोगी पडतं? शांतिसेनेची व्यवस्था कशी चालते ते बघ. मोहिमेवर जाणारा देश आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार होतो. तुकडी सोबत किती ट्रक, जनरेटर, पाणी शुद्ध करण्याची यंत्रं नेणार, स्वयंपाक, धुलाई, संपर्कयंत्रणा यातलं काय स्वतः सांभाळणार, हे त्यात कलमवार लिहिलेलं असतं. देखभाल देशाने करायची असेल तर भाड्याचा दर वेगळा, संयुक्त राष्ट्रांनी करायची असेल तर वेगळा. पहिल्या प्रकाराला वेट लीज म्हणतात, दुसऱ्याला ड्राय लीज. मग तपासणी पथक ठरावीक काळाने येऊन यादी हातात घेऊन सगळं पडताळतं. ट्रक नुसता उभा असून भागत नाही, चालू स्थितीत लागतो. बंद सापडला तर त्याची भरपाई कापली जाते. म्हणजे एक सुटा भाग वेळेवर मागवला नाही, तर त्याचा फटका थेट देशाला मिळणाऱ्या पैशाला बसतो. करार, घसारा, साठा-नोंदवही, ताळमेळ हे शब्द तू तीन वर्षं वाचते आहेस. इंजिनिअर झालेल्या मुलांना हे नव्याने शिकावं लागतं.

भारताची एक तुकडी तर परदेशात निव्वळ रसदीसाठीच आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. इस्रायल आणि सीरिया यांच्यामधल्या गोलान टेकड्यांवर १९७४ पासून संयुक्त राष्ट्रांचं निरीक्षक दल आहे. तिथली रसद आधी कॅनडाचे सैनिक सांभाळत. २००६ पासून ती आपल्या तुकडीकडे आली. दलासाठी आलेला माल ताब्यात घेणं, सांभाळणं, ठाण्याठाण्यांवर पोहोचवणं, जड यंत्रांची देखभाल करणं हे तिचं काम. यातलं सगळ्यात उंच ठाणं हर्मोन पर्वतावर २,८०० मीटरच्या आसपास आहे आणि हिवाळ्यात तिथे बर्फ साचतं. ऑगस्ट २०१४ मध्ये सशस्त्र गटांनी याच भागात फिजीच्या शांतिसैनिकांना ओलीस धरलं आणि पुढच्या महिन्यात दलाचा बराचसा भाग सीरियाच्या बाजूकडून पलीकडे हलवावा लागला. अशा वेळी सगळी वाहतूक, सगळे साठे, सगळे मार्ग नव्याने आखायचे असतात आणि त्या दिवशीही सगळ्यांना जेवण द्यायचं असतंच. बातम्यांत हे येत नाही. काम नीट झालं की कोणाच्या लक्षातही येत नाही, हे या पेशात मान्य करूनच यावं लागतं. कौतुकाची भूक मोठी असेल तर इथे जीव रमणार नाही, हे मी विद्यार्थ्यांना स्पष्टच सांगते.

आता वाट. सैन्यात पुरवठा एकाच खात्याकडे नसतो. अन्न, इंधन आणि वाहतूक आर्मी सर्व्हिस कोअरकडे. तिचं केंद्र आणि कॉलेज बंगळुरूला आहे, आणि डोंगरात सामान वाहणारी खेचरंही तिच्याकडेच असतात. दारूगोळा, कपडे, सुटे भाग हे ऑर्डनन्स कोअरचं काम. आपल्या वर्धा जिल्ह्यातलं पुलगावचं मोठं दारूगोळा भांडार याच व्यवस्थेतलं. दुरुस्ती ईएमई या तांत्रिक कोअरकडे. नौदलात आणि हवाई दलात लॉजिस्टिक्स ही स्वतंत्र शाखा आहे.

तुझ्यासाठी हवाई दलाचा रस्ता सगळ्यात सरळ दिसतो. एएफकॅट परीक्षेतून ग्राउंड ड्युटीच्या, म्हणजे विमान न उडवणाऱ्या, लॉजिस्टिक्स शाखेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण किमान ६० टक्के लागतात आणि वय २० ते २६ च्या आत हवं. इथे शाखांचा पसंतीक्रम अर्जातच देता येतो, हा मोठा फायदा. प्रशिक्षण हैदराबादजवळच्या दुंडिगलला.

थलसेनेत दोन दारं आहेत. एक, सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा. मुलींना त्यातून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीत जाता येतं आणि त्यासाठी इंग्रजी आणि सामान्यज्ञान असे दोनच पेपर असतात, गणिताचा नसतो. दुसरं, एनसीसीची विशेष भरती. 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला ५० टक्के असतील तर लेखी परीक्षाच नाही, थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत. मात्र मुलींच्या जागा फार थोड्या असतात, म्हणून एकट्या याच दारावर विसंबू नकोस. दोन्हीकडे एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: कोणत्या कोअरमध्ये जायचं याचा पसंतीक्रम तू देतेस, अंतिम निर्णय लष्कराचा. सर्व्हिस कोअर मागितली आणि सिग्नल्स, म्हणजे संपर्कयंत्रणेची कोअर, मिळाली असं होऊ शकतं. ते चालणार नसेल तर हवाई दल किंवा नौदल बघ.

नौदलात नुसत्या बी.कॉम.वर जमत नाही. प्रथम श्रेणीतलं बी.कॉम. आणि जोडीला फायनान्स, लॉजिस्टिक्स, सप्लाय चेन किंवा मटेरियल मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा लागतो. प्रथम श्रेणीतलं एमबीएही चालतं. नौदलाची लॉजिस्टिक्सची प्रशिक्षण संस्था, आयएनएस हमला, मुंबईत मालाडला आहे. अटी दरवेळी थोड्या बदलतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या वेळची मूळ जाहिरात वाच. क्लासवाल्यांच्या पत्रकावर जाऊ नकोस.

अधिकारी म्हणूनच जायचं असाही नियम नाही. अग्निवीर योजनेत क्लार्क आणि स्टोअरकीपर टेक्निकल हा गट आहे, बारावीवर, पण थलसेनेत तो मुलांसाठीच आहे. शिवाय ती नोकरी चार वर्षांची असते आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच घेतात. तुझी पदवी पूर्ण होत असताना मी तुला ती वाट सुचवणार नाही.

परदेशाबद्दल. मोहिमेवर जायचा वेगळा अर्ज तरुण अधिकाऱ्याला भरता येत नाही. युनिटची निवड होते, त्यासोबत माणसं साधारण वर्षभरासाठी जातात. पुण्याईचा भाग आहेच थोडा. महिला मोठ्या संख्येने जाऊ लागल्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सुदान आणि दक्षिण सुदान यांच्या सीमेवरच्या अबेईला भारताने महिला शांतिसैनिकांची प्लाटून, म्हणजे छोटी तुकडी, पाठवली. काँगोतल्या कामासाठी संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळालेल्या मेजर राधिका सेन या आयआयटी मुंबईत शिकत असताना लष्कराकडे वळल्या. पण शांतिमोहिमा सध्या आकसत आहेत हेही तुला कळायला हवं. मालीतली मोहीम २०२३ मध्ये बंद झाली. लेबनॉनमधली, जिथे भारतीय पलटण १९९८ पासून आहे, ती २०२६ अखेर थांबवायचं सुरक्षा परिषदेने ठरवलं आहे. 'शांतिसेनेत जायचंय' या एकाच हेतूने गणवेश घालू नकोस. परदेशी मदतकार्यं मात्र अचानक निघतात. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर भारतीय लष्कराचं ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल हवाई दलाच्या विमानांनी तुर्कस्तानात गेलं आणि काही दिवसांतच हाताय प्रांतात रुग्ण तपासू लागलं. असं रुग्णालय इतक्या लवकर उभं राहतं, कारण काय न्यायचं, कोणत्या क्रमाने भरायचं याच्या याद्या आधीच तयार असतात.

सैन्यात निवड झाली नाही तर? हेच काम बिनगणवेशातही आहे. जागतिक अन्न कार्यक्रम, रेड क्रॉस, मेदसँ साँ फ्राँतिए ही डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था, यांना संकटाच्या जागी गोदाम, वाहनं आणि खरेदी सांभाळणारी माणसं कायम लागतात. अनुभवाशिवाय तिथे दार उघडत नाही. म्हणून आधी दोन-तीन वर्षं एखाद्या गोदामात, बंदराच्या कंटेनर यार्डात किंवा औषधांच्या शीतसाखळीत प्रत्यक्ष काम करावं लागेल. फ्रेंच शिकायला आजच सुरुवात कर. काँगोसह आफ्रिकेच्या मोठ्या भागात त्या भाषेवाचून कागद हलत नाही.

एमबीए आधी करू का, हे तू विचारलेलं नाहीस, पण घरातलं कोणीतरी विचारेलच. माझं मत: आधी एएफकॅट आणि सीडीएसचे दोन-दोन प्रयत्न कर. वय निघून गेलं की गणवेश मिळत नाही, एमबीए तिशीतही करता येतं.

तयारीचं एकच वेगळं सांगते. एसएसबीत ग्रुप प्लॅनिंग नावाचा प्रकार असतो. नकाशावर एकाच वेळी चार-पाच अडचणी, हाताशी दोन गाड्या, थोडी माणसं आणि थोडा वेळ. यातच पुरवठ्याची दृष्टी दिसते. ती वाचून येत नाही. तुझ्या जिल्ह्यातून दरवर्षी माउलींची पालखी जाते. पुढच्या वर्षी लोणंद ते फलटण एखाद्या दिंडीच्या ट्रकसोबत राहा, कोठी सांभाळणाऱ्याच्या शेजारी बस. माणसं मोजणं, पाण्याचा टँकर, गॅस, वारकरी पोचायच्या आत चूल पेटलेली असणं, एक ट्रक रस्त्यात अडकला तर काय करायचं हे सगळं बघ आणि रोजच्या रोज लिहून काढ. एनसीसीच्या शिबिरातही परेडसोबत क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे सामान सांभाळणाऱ्याच्या, भांडारात काम मागून घे.

सध्या करायचं ते असं. एएफकॅट आणि सीडीएस दोन्ही वर्षातून दोनदा असतात. एएफकॅटची जाहिरात साधारण जून आणि डिसेंबरात येते. पहिल्या दोन वर्षांचे टक्के तू पत्रात लिहिलेले नाहीत. ते साठच्या वर असतील तर येत्या एएफकॅटचा अर्ज भर. पन्नास ते साठच्या मधे असतील तर एनसीसी विशेष भरती आणि सीडीएसवर जोर दे आणि शेवटच्या वर्षात जमतील तितके गुण वाढव. दोन्ही गुणपत्रिका, उंची-वजन आणि चष्मा असेल तर त्याचा नंबर मला कळव. त्यावरून कोणता अर्ज आधी भरायचा ते ठरवू.